अपडेट अडलं तर? आधी वाचा, मग आज्ञा द्या



आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत किंवा घरी जुन्या संगणकावर उबंटू किंवा डेबियनसारखी लिनक्स प्रणाली असते. मोफत मिळते, जुन्या मशीनवरही चालते आणि मुलांसाठी जीकॉम्प्री, टक्स पेंट यांसारखी छान सॉफ्टवेअर त्यावर सहज बसवता येतात. सगळं सुरळीत चालू असतं आणि एक दिवस अपडेट करताना पडद्यावर इंग्रजी ओळींचा पाऊस पडतो. शेवटी 'एरर' दिसतं आणि आपल्या पोटात गोळा येतो. अशा वेळी काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, ते आज पाहूया.

आधी माझीच चूक सांगते.

मी मुळशी तालुक्यातल्या चांदे गावात राहते. हिंजवडीचं आयटी पार्क आमच्याच तालुक्यात आहे, पण वर्गात आहेत ते कोणीतरी वापरून दिलेले जुने संगणक. त्याबद्दल तक्रार नाही, त्यांच्यावर मुलं खूप काही शिकली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये मशीन चालू केलं आणि अपडेट द्यायला गेले, तर एरर. मी ती वाचली नाही. मोबाइलवर शोधलं, कुठल्यातरी पानावर सात-आठ आज्ञा सापडल्या, त्या एकामागून एक चिकटवल्या. तारीख तपासू नकोस, सही तपासू नकोस, बाहेरचं अमुक भांडार जोड, असं बरंच काही त्यांत होतं. मध्येच मशीनने एक लांबलचक यादी दाखवून विचारलं, पुढे जाऊ का? मी 'वाय' दाबलं. पुन्हा चालू केल्यावर समोर फक्त काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. मशीन गेलं असं समजून मी ते फॉरमॅट केलं.

त्या मशीनमध्ये चौथीच्या मुलांनी आपापल्या आजीकडून ऐकून रेकॉर्ड केलेल्या गोष्टी आणि जात्यावरच्या ओव्या होत्या. दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. त्या गेल्या. त्यातली एक आजी आता नाही.

नंतर एका पालकांनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं की मूळ अडचण घड्याळाची होती, दोन मिनिटांची. काळा पडदा आला तेव्हाही त्या ओव्या जागच्या जागीच होत्या. अपडेट अडल्याने त्या गेल्या नाहीत, मी घाबरून केलेल्या उपायाने गेल्या. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

अपडेट म्हणजे नेमकं काय होतं?

डेबियन ही प्रणाली १९९३ साली इयान मरडॉक यांनी सुरू केली. तिच्यावर आधारलेली उबंटू २००४ मध्ये आली. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' लिनक्स प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. केरळच्या सरकारी शाळांत 'काइट' ही संस्था जी प्रणाली देते, ती उबंटूवर आधारलेली आहे. त्यामुळे पुढे सांगितलेल्या गोष्टी या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतात.

या प्रणालीत प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज' म्हणून येतं. सगळी पॅकेजेस इंटरनेटवरच्या एका मोठ्या भांडारात असतात, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. आपल्याला कळेल असं उदाहरण घ्या: जूनमधली पाठ्यपुस्तकं. भांडारातून पुस्तकं तालुक्याला येतात, तिथून केंद्रात, मग शाळेत. आधी यादी येते, यादीवर सही-शिक्का असतो, मग पुस्तकं उतरवून घेतो, आणि शेवटी वाटप करून रजिस्टरला नोंद होते. संगणकातही अगदी हेच टप्पे आहेत.

१. यादी आणणे. आज्ञा: सुडो एपीटी अपडेट. यात नवं सॉफ्टवेअर येत नाही, फक्त ताजी यादी येते.
२. सही आणि तारीख तपासणे. यादी खरी आहे ना आणि चालू आहे ना, हे मशीन स्वतः पाहतं.
३. पॅकेजेस उतरवणे. आज्ञा: सुडो एपीटी अपग्रेड.
४. उघडून जागेवर ठेवणे आणि नोंद पूर्ण करणे. हे काम डीपीकेजी नावाचा कार्यक्रम करतो.

'सुडो' म्हणजे मुख्याध्यापकांच्या अधिकाराने काम करणे. म्हणूनच तो शब्द लावला की मशीन पासवर्ड विचारतं. अधिकार मोठा, म्हणून चूकही मोठी होऊ शकते, हे लक्षात ठेवा. (मी आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ.)

एरर म्हणजे यातल्या एका टप्प्यावर मशीन थांबलं आणि का थांबलं ते त्याने लिहून ठेवलं. कोणत्या टप्प्यावर थांबलं हे कळलं की निम्मं काम झालं. आणि या चारही टप्प्यांत तुमच्या 'होम' फोल्डरमधल्या फाइल्सना, म्हणजे फोटो, आवाज, प्रश्नपत्रिका यांना कोणी हात लावत नाही. म्हणून पहिला नियम: घाबरायचं नाही.

वाचायचं कसं?

मुलांना आपण काय सांगतो? उतारा आधी पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. इथेही तेच करायचं. सगळ्या ओळी वाचायची गरज नाही. ज्या ओळीच्या सुरुवातीला 'ई' आणि विसर्गासारखी दोन टिंबं आहेत, ती चूक, तिथे काम थांबलं. 'डब्ल्यू' आणि दोन टिंबं म्हणजे सूचना, काम पुढे गेलं पण काहीतरी राहिलं. त्याआधीच्या ओळींत 'हिट' म्हणजे यादी बदललेली नाही, 'गेट' म्हणजे नवी यादी आणली, आणि 'एर' म्हणजे ती आणता आली नाही.

एकापेक्षा जास्त चुका दिसत असतील तर पहिलीपासून सुरुवात करा. पुढच्या बऱ्याचदा पहिलीमुळेच आलेल्या असतात. वहीत लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. आता एकेक अडचण पाहूया.

१. 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग'

अर्थ: भांडाराचा पत्ताच सापडत नाही. बहुतेक वेळा इंटरनेट नसतं. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडून बघा. उघडत नसेल तर वायर, वायफाय, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि त्यातला शिल्लक डेटा तपासा. यात दुरुस्त करण्यासारखं मशीनमध्ये काहीच नाही. गंमत म्हणजे या अडचणीत शेवटी फक्त 'डब्ल्यू'च्या ओळी येतात आणि जुनीच यादी वापरली असं लिहिलेलं असतं. अपडेट झालं असं समजून आपण निघून जातो. म्हणून सूचनाही वाचा.

२. 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट'

हीच माझी एरर. अर्थ: ही यादी अजून लागू झालेली नाही. म्हणजे यादीवरची तारीख मशीनच्या दृष्टीने भविष्यातली आहे! यादी बरोबर असते, मशीनचं घड्याळ मागे असतं.

असं का होतं? संगणक बंद असतानाही घड्याळ चालावं म्हणून मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा असतो. जुन्या मशीनमध्ये तो संपत आलेला असतो. सुट्टीत मशीन दीड महिना बंद राहिलं की घड्याळ काही वर्षं मागे जातं. एरवी इंटरनेट आल्यावर मशीन वेळ आपोआप दुरुस्त करतं, पण आदल्या वर्षी हाताने वेळ लावताना ती सोय मीच बंद केली होती.

उपाय: 'डेट' एवढीच आज्ञा द्या आणि तारीख वाचा. चुकीची असेल तर 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' ही आज्ञा द्या किंवा सेटिंग्जमध्ये जाऊन स्वयंचलित तारीख-वेळ चालू करा. घड्याळ लागलं की पुन्हा अपडेट द्या. आणि तो सेल बदलून घ्या. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलताना मशीनची वायर काढून ठेवा, बरं का.

३. '४०४ नॉट फाउंड'

अर्थ: भांडार सापडलं, पण मागितलेली वस्तू त्या जागी नाही. याची दोन कारणं असतात.

पहिलं साधं: तुमची यादी जुनी आहे. भांडारात पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि तुम्ही जुनी मागताय. आधी 'सुडो एपीटी अपडेट', मग अपग्रेड. हा क्रम चुकवू नका.

दुसरं मोठं: तुमच्या प्रणालीची मुदत संपली आहे. अशा वेळी यादी आणतानाच ४०४ येतं आणि भांडारात रिलीज फाइलच नाही, असंही लिहून येतं. उबंटूच्या क्रमांकात वर्ष आणि महिना असतो. २३.१० म्हणजे २०२३ चा ऑक्टोबर. अशा मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने अपडेट मिळतात. नंतर त्यांची पॅकेजेस जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या भांडारात हलवली जातात. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या 'एलटीएस' आवृत्तीला मात्र ५ वर्षं अपडेट मिळतात. २०२४ च्या एप्रिलची २४.०४ ही अशीच आवृत्ती. शाळेत बसवायची तर नेहमी एलटीएसच बसवा. आपली आवृत्ती कोणती, ते सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये दिसतं. मुदत संपली असेल तर आज्ञांशी झटापट करू नका. फाइल्सची प्रत काढा आणि शांतपणे नवी आवृत्ती बसवा.

४. 'कुड नॉट गेट लॉक'

अर्थ: दुसरं कोणीतरी आधीच नोंद करत आहे. हजेरीच्या मस्टरवर एका वेळी एकच जण लिहितो ना? तसंच. मशीन चालू केल्यावर उबंटू स्वतःच मागच्या बाजूला सुरक्षेची अपडेट बसवत असतं. नव्या आवृत्त्यांत तर कुलूप कोणाकडे आहे तेही लिहून येतं. 'अनअटेंडेड' असा शब्द दिसला तर ते हेच काम.

उपाय: थांबा. चहा घेऊन या. जुन्या मशीनवर अर्धा तासही लागू शकतो. सॉफ्टवेअरची दुसरी खिडकी उघडी असेल तर ती बंद करा. इंटरनेटवर याला एक प्रसिद्ध उपाय सापडतो, लॉकची फाइल पुसून टाका. हे करू नका. ती फाइल तिथे कायमच असते. ती दिसते म्हणजे कुलूप लागलं असं नाही, तिच्यावर कोणत्यातरी कार्यक्रमाने ताबा घेतला की कुलूप लागतं. फाइल पुसली तरी आधीचा कार्यक्रम चालूच राहतो. मग दोघं एकाच वेळी मस्टरवर लिहू लागतात आणि नोंदी बिघडतात.

५. 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड'

अर्थ: चौथ्या टप्प्यात काम अर्धवट राहिलं. आमच्याकडे पावसाळ्यात हे हमखास घडतं. पाऊस पडला, लाइट गेली. पुस्तकं वर्गात पोचली, पण रजिस्टरला नोंद राहिली, तशी ही अवस्था.

इथे मशीन उपायही स्वतःच सांगतं. त्याच ओळीत आज्ञा लिहिलेली असते: सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. म्हणजे राहिलेल्या सगळ्या नोंदी पूर्ण कर. पडद्यावर आहे तशीच टाइप करा. तरीही काही राहिलं तर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. लॅपटॉप असेल तर अपडेट देण्याआधी चार्जर लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर आभाळ भरून आलेलं असताना अपडेट देऊच नका.

६. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'

अर्थ: कपाट भरलं. 'डीएफ -एच' ही आज्ञा दिली की कोणता कप्पा किती टक्के भरला ते दिसतं. १०० टक्के कुठे आहे ते शोधा. 'सुडो एपीटी क्लीन' ही आज्ञा उतरवून ठेवलेली पॅकेजेस काढून टाकते. पुस्तकं वाटून झाल्यावर रिकामी खोकी टाकावीत, तसं. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा आता कशालाच न लागणारी पॅकेजेस काढते. 'बूट' नावाचा छोटा कप्पा भरला असेल तर त्यात जुने कर्नल साठलेले असतात, तेही बहुतेक वेळा यानेच जातात. त्या कप्प्यातल्या फाइल्स हाताने पुसू नका. चुकीची पुसली गेली तर मशीन सुरूच होणार नाही.

७. 'नो पबकी'

अर्थ: यादीवरची सही ओळखता येत नाही. हे बहुतेक वेळा आपण बाहेरून जोडलेल्या भांडाराबाबत होतं, एखाद्या ब्राउझरसाठी किंवा सॉफ्टवेअरसाठी जोडलेल्या. त्यांची किल्ली बदलते आणि आपल्याकडे जुनीच राहते. ते सॉफ्टवेअर हवं असेल तर बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या अधिकृत पानावरूनच नवी किल्ली घ्या. नको असेल तर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये 'अदर सॉफ्टवेअर' या भागात जाऊन त्या भांडारापुढची खूण काढा.

सही तपासूच नकोस, असं मशीनला सांगणारे उपाय मिळतात. विचार करा, सही-शिक्का नसलेलं पत्र घेऊन कोणीही शाळेत आलं तर आपण मुलं त्याच्या ताब्यात देऊ का? मग मुलं वापरतात ते मशीन तरी का द्यावं?

८. 'अनमेट डिपेंडन्सीज'

अर्थ: एका पॅकेजला दुसरं लागतं आणि ते मिळत नाही किंवा योग्य आवृत्तीचं नाही. इथेही 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही आज्ञा चालते. पण याच ठिकाणी माझा घात झाला, म्हणून नीट लक्ष द्या. मशीन पुढे जाण्याआधी यादी दाखवतं. त्यात एक ओळ असते, जिच्या शेवटी मोठ्या अक्षरांत 'रिमूव्ह्ड' लिहिलेलं असतं. त्याखालची पॅकेजेस काढली जाणार असतात. त्या यादीत 'डेस्कटॉप' किंवा 'नोम' असे शब्द दिसले, किंवा यादी खूप लांब असली, तर 'एन' दाबा. नाही म्हणा. काहीही बिघडत नाही. मी 'वाय' दाबलं आणि डेस्कटॉपच काढला गेला.

तसं झालंच तरी वाट बंद होत नाही. काळ्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबा, नाव-पासवर्ड द्या आणि इंटरनेट असेल तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप' ही आज्ञा द्या. काय काय काढलं गेलं याची नोंदही मशीन ठेवतं. 'व्हार'मध्ये 'लॉग', त्यात 'एपीटी', त्यात 'हिस्टरी डॉट लॉग' ही फाइल बघा. तारीख-वेळेसकट सगळं सापडतं. मला हे त्या दिवशी माहीत असतं तर!

थोडक्यात क्रम

कोणतीही एरर आली तरी हा क्रम ठेवा:

१. फोटो काढा आणि पहिली 'ई'ची ओळ वाचा.
२. चार गोष्टी बघा: इंटरनेट, तारीख, जागा, कुलूप. पुष्कळ अडचणी इथेच सुटतात.
३. मुलांचं काम पेनड्राइव्हवर उतरवा. हे खरं तर दर शनिवारी करायला हवं.
४. आज्ञा एका वेळी एकच द्या. ती काय करते ते एका वाक्यात सांगता येत नसेल तर देऊ नका.
५. 'वाय' दाबण्याआधी काय काढलं जाणार ते वाचा.
६. फॉरमॅट हा शेवटचा उपाय, आणि तोही प्रत काढल्यावरच. डेस्कटॉप उघडत नसेल तरी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून फाइल्स बाहेर काढता येतात.

पालकांसाठी एक विनंती. घरी असं काही झालं तर मुलांना जवळ बसवा. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नका. एकेका शब्दाचा अर्थ मुलांना शोधू द्या. आमच्या वर्गात आता एरर आली की ती फळ्यावर लिहितो आणि मशीन काय म्हणतंय ते मुलं सांगतात. 'नॉट व्हॅलिड येट' दिसल्यावर एका मुलीने आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे. मला जे वर्षभरापूर्वी सुचलं नाही, ते तिला सुचलं. तिने फक्त वाचलं होतं.

आजींच्या गोष्टी आणि ओव्या मुलं पुन्हा गोळा करत आहेत. या वेळी प्रत्येक फाइलच्या तीन प्रती आहेत: मशीनवर, पेनड्राइव्हवर आणि मुलांच्या घरच्या मोबाइलमध्ये.

तुमच्या मशीनवर वेगळी एरर आली असेल तर पहिली ओळ आहे तशी लिहून पाठवा. मिळून वाचूया.